पाहणी झाली, विचारपूस राहिली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहराला कर्ज लागतं. घराला लागतं तसंच. रस्ता रुंद करायचा, गटार बांधायचं, नळ टाकायचा, चाळी उभ्या करायच्या, तर एका वर्षाच्या करात ते भागत नाही. मग पालिका किंवा सरकार रोखे काढतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते रोखे घेतात, दरवर्षी व्याज खातात आणि मुदत भरली की मुद्दल परत घेतात. फेडायचं कोणी? शहरात राहणाऱ्यांनी. घरपट्टीतून, पाणीपट्टीतून, भाड्यातून, कापसाच्या गाठीवरच्या पट्टीतूनसुद्धा. ज्याच्या नावावर कर्ज चढतं त्याला ‘बाबा रे, तुला काय हवंय’ असं कोणी विचारलं का, एवढाच आजचा माझा विषय. उदाहरण मुंबईचं घेतो. माझं सगळं आयुष्य या शहरात गेलं आहे, आणि या विषयाची मुंबईइतकी भरलेली फाइल दुसऱ्या कुठल्या शहरात सापडणं कठीण आहे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावी पळाली. जी राहिली त्यांच्या दारात शोधपथकं येऊ लागली. घरात शिरायचं, काखेत नि जांघेत गाठ आहे का बघायचं, रोगी सापडला की इस्पितळात न्यायचं, बाकीच्यांना छावणीत. भिंतीला चुना, छपराची कौलं काढून खोलीत ऊन. वैद्यकाच्या दृष्टीनं यातलं काही बरोबर असेल, काही नसेल. पण मुंबईच्या गरीब माणसाला सरकारी ‘पाहणी’ पहिल्यांदा कळली ती अशी, उंबऱ्यावर बूट घेऊन आलेली.

9 मार्च 1898 ला रिपन रोडवर, म्हणजे मदनपुऱ्याच्या अंगाला, एका विणकराच्या घरी आजारी मुलगी होती. पथक तिला तपासायला आलं. उत्तरेकडून आलेल्या जुलाह्यांची ही वस्ती, हातमागावर पोट भरणारी. त्यांनी मुलीला नेऊ दिलं नाही. गर्दी जमली, दगड आले, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. इतिहासाच्या पुस्तकांत ती ‘प्लेगची दंगल’ म्हणून येते. अडाणी लोकांनी औषधाला विरोध केला, असा एकंदर सूर असतो. मला तो सूर पटत नाही. तपासायला बाई डॉक्टर आहे का, मुलीबरोबर आईला जाता येईल का, नेलेलं माणूस परत येतं का, हे त्या लोकांचे प्रश्न होते. ते ऐकून घेणारं त्या दिवशी दारात कोणी नव्हतं.

याच वर्षी, 1898 मध्ये, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. आपले लोक त्याला बीआयटी म्हणतात. ग्लासगो शहरात 1866 च्या कायद्यानं असंच मंडळ केलं होतं, तो नमुना समोर होता. सरकारनं आणि पालिकेनं या ट्रस्टला जमिनी दिल्या, पालिकेनं आपल्या उत्पन्नातला वाटा दरवर्षी द्यायचा ठरला आणि मोठं भांडवल मात्र रोख्यांतून उभं राहिलं. चार टक्के व्याजाचे रोखे. बँका, विमा कंपन्या, धर्मादाय संस्था यांनी डोळे मिटून घ्यावेत असे.

आणि पहिली योजना कुठली? नागपाडा! जिथं दंगल पेटली तिथून हाकेच्या अंतरावर.

ट्रस्टचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. आरोग्य अधिकाऱ्यानं एखादी वस्ती माणसांनी राहण्यास अयोग्य ठरवायची. मग ट्रस्टनं नकाशा काढायचा, योजना जाहीर करायची, नोटिसा लावायच्या. घराच्या मालकाला हरकत घेता यायची. भरपाई कमी वाटली तर लवादाकडे जाता यायचं. घरापासून भाडं किती मिळतं यावर भरपाईचा हिशेब बसायचा. म्हणजे ज्यानं एका खोलीत तीन कुटुंबं कोंबली होती त्याचं उत्पन्न जास्त आणि त्याची भरपाईही जास्त! भाडेकरू मात्र या कागदात कुठे नव्हता. त्याला मिळायची ती घर सोडायची तारीख. रोखे घेणाऱ्याला ट्रस्टचे हिशेब दरवर्षी छापून मिळत. मालकाला वकील मिळे. खोलीत राहणारा तेवढा मुका.

त्यानं काय केलं असेल? जवळच्याच दुसऱ्या चाळीत पाहुणा म्हणून शिरला असेल. काम जिथं, तिथंच बिऱ्हाड हवं. पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात, नाहीतर गोदीवर उभं राहायचं तर लांब जाऊन चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. एका गल्लीतली दाटी उठून शेजारच्या गल्लीत गेली. आज आपण सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो तो सँडहर्स्ट रोड, शामलदास गांधी मार्ग म्हणतो तो प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, हे सगळं ट्रस्टचं देणं आहे. समुद्राचा वारा शहराच्या पोटात आला तो या रस्त्यांमुळे. ते नाकारायचं कारण नाही. पण वारा ज्यांच्या घरावरून गेला, त्यांची घरं तिथं राहिली नव्हती.

जे. पी. ऑर नावाचे अधिकारी 1909 पासून दहा वर्षं ट्रस्टचे अध्यक्ष होते. त्यांच्या हे लक्षात आलं असावं. सरसकट पाडापाडी सोडून, एकेका इमारतीचा अडलेला उजेड मोकळा करा, आडवा येणारा भाग तेवढा काढा, असं ते सांगू लागले. उजेडाचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियमच त्यांनी मांडला. खिडकीत उजेड कोणत्या कोनातून यावा याचा एवढा विचार करणारा माणूस मला आवडतो. खिडकीच्या आतल्या माणसापर्यंत तो कितपत पोचला, ही गोष्ट निराळी.

ट्रस्टनं बांधलेल्या चाळी आजही आग्रीपाडा, मुंबई सेंट्रल, इमामवाडा, परळ या भागांत ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत, 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून वीसेक वर्षं राहिले. आमचे आजोबाही कोकणातून गोदीवर कामाला आले ते इमामवाड्याच्या चाळीत उतरले, सात गाववाल्यांबरोबर एका खोलीत. खोली चांगली होती, असं ते म्हणत. चांगली म्हणजे काय, विचारलं तर म्हणत, ‘दाराबाहेर गॅलरी होती.’ आठजणांतले चौघे रात्री तिथं निजत. गॅलरी हे त्यांच्या लेखी घराचं अर्धं अंग होतं. ही गॅलरी ध्यानात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

आता एक वेगळा माणूस. पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ, 1914 मध्ये हिंदुस्थानात आला आणि शहरं पाहत दहा वर्षं इथं रमला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला त्याचा हा पहिला प्राध्यापक. त्याचं म्हणणं एका ओळीचं: आधी पाहणी, मग आराखडा. वैद्य जसा आधी नाडी बघतो तसं. इंदूर संस्थानात तो गल्ल्यागल्ल्यांतून हातात नकाशा घेऊन फिरायचा, तेव्हा लोक त्याला बघून कुजबुजायचे. काय म्हणतात हे त्यानं बरोबरच्याला विचारलं. उत्तर मिळालं, ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणतात. लोकांचा तरी काय दोष? नकाशा घेऊन साहेब आला की मागोमाग कुदळ येते, हे त्यांनी बघितलं होतं.

गेडिसनं काय केलं? महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली. मिरवणूक नेहमीच्या हिंदूंच्या वाटेनं जाणार नाही, मुसलमानांच्या वाटेनंही नाही. ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरं झाडून, डागडुजी करून ठेवली असतील त्या रस्त्यानं जाईल, अशी दवंडी दिली. गावभर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानानं चालत होते. रस्त्याच्या निवडीचं काम त्यानं लोकांच्या हाती दिलं ते असं, एक कागद न भरता. इंदूरचा त्याचा मोठा अहवाल 1918 चा आहे. त्यात जुनी वस्ती उखडण्याऐवजी जपून, थोडकी शस्त्रक्रिया करावी असा आग्रह आहे.

हा माणूस मुंबईत शिकवत असतानाच सरकारनं शहराच्या इतिहासातलं एक मोठं कर्ज काढलं. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर होते. पहिलं महायुद्ध संपलं होतं, गिरण्या जोरात होत्या, जागा मिळत नव्हती, भाडी कडाडली होती आणि गिरणी कामगारांचे संप सुरू होते. 1920 मध्ये ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलं. बीडीडी ती हीच. साडेसहा टक्क्यांचे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट लोन’चे रोखे विकले, मुदत 1935. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया पट्टी बसवली. समुद्र हटवायचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत ठरला.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या, खोल्या सुमारे साडेसोळा हजार. त्यांतल्या 121 चाळी एकट्या वरळीत. आणि मग ज्याची कोणी कल्पना केली नव्हती ते घडलं. ज्या शहरात माणसं जिन्याखाली झोपत होती त्या शहरात वरळीच्या हजारो खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या.

का राहिल्या? वरळी तेव्हा गावाबाहेर. जवळ बाजार नाही, यायला-जायला साधन नाही. उधारीवर धान्य देणारा वाणी तिथं नाही. गिरणी कामगाराचं घर वाण्याच्या उधारीवर चालतं हे गिरणगावातल्या पोरानंही सांगितलं असतं. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं. उन्हाळ्यात तापायचं, थंडीत गारठायचं. आणि आमच्या आजोबांची ती गॅलरी? बीडीडीच्या चाळीत मधून बंद बोळ आणि दोन्हीकडे खोल्या. दाराबाहेर निजावं, पापड वाळवावेत, शेजारणीशी बोलत तांदूळ निवडावेत, अशी मोकळी जागाच नाही. खर्च इतका झाला होता की तो वसूल होईल असं भाडं कामगाराला परवडणारं नव्हतं. म्हणून भाडं कमी ठेवलं, तूट दरवर्षी अंगावर घेतली, तरी माणसं येईनात.

कोणी म्हणेल, त्या काळी लोकांना विचारायची पद्धतच नव्हती, आजचा न्याय त्यांना का लावता? पद्धत होती, आणि तीही याच सरकारकडे. 1921 मध्ये मुंबई सरकारनं ‘लेबर ऑफिस’ काढलं. प्रमुख फिंडले शिरस. त्यांच्या माणसांनी चाळीचाळींतून फिरून कामगार कुटुंबांचे जमाखर्च लिहून घेतले. तांदूळ किती, जळण किती, भाडं किती, सावकाराचं व्याज किती. 1923 मध्ये अहवाल छापला. शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबं एकेका खोलीत राहतात, असं त्यात निघालं. 1922 मध्ये डॉ. बार्न्स या सरकारनं नेमलेल्या डॉक्टरीण बाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना पंधरा फूट बाय बारा फुटांची खोली दिसली. आत सहा कुटुंबं. खरं वाटेना म्हणून त्यांनी चुली मोजल्या. सहा चुली होत्या. लहानथोर मिळून तीस माणसं. तीन बायकांचे दिवस भरत आले होते. बाळंतपण कुठं करणार, असं बाईंनी विचारलं. तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा आडोसा करून वापरतात, तो दाखवण्यात आला.

सहा चुलींची ती नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. मी कविता लिहितो, उपमा शोधण्याची खोड आहे. इथं उपमा सुचली नाही, सुचू नये असंही वाटलं. बार्न्सबाई बघून थांबल्या नाहीत, त्यांनी विचारलं. म्हणून तो कोपरा कागदावर आला.

ए. आर. बर्नेट-हर्स्ट हे अर्थशास्त्रज्ञही याच सुमारास मुंबईच्या मजुरांच्या घरांचा अभ्यास करत होते. इंग्लंडमध्ये बोली यांच्याबरोबर नमुना पाहणीचं तंत्र वापरून त्यांनी गरिबीवर पुस्तक लिहिलं होतं. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक 1925 मध्ये निघालं. ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग तर 1911 पासून चाळीतच काम करत होती. म्हणजे माणसं होती, तंत्र होतं, आकडे होते. फक्त चाळी बांधणाऱ्या खात्याचं दार वेगळं आणि जमाखर्च लिहिणाऱ्याचं दार वेगळं. अहवाल हातात पडेपर्यंत रोखे विकले गेले होते, पाया भरला गेला होता. कर्जाची मुदत आणि व्याज आधी ठरतं, मग काम लवकर उरकण्याची घाई होते, आणि त्या घाईत माणसाला विचारायचं राहून जातं. मला वाटतं, दुष्टपणापेक्षा ही घाईच जास्त नडली.

वरळीच्या रिकाम्या चाळींचा उपयोग शेवटी सापडला. 1930 च्या सविनय कायदेभंगात तुरुंग भरून वाहू लागले तेव्हा सत्याग्रहींना ठेवायला सरकारनं तिथं तात्पुरता तुरुंग केला. मजुरांच्या घरांसाठी काढलेल्या कर्जातून कैद्यांची सोय झाली! पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहर वाढत वाढत वरळीपर्यंत आलं आणि मग याच चाळी अशा भरल्या की एकेका खोलीत दोन पिढ्या नांदल्या. त्यांच्यातून खेळाडू आले, शाहीर आले, नाटकवाले आले, पँथर आले. लोकांनी त्या चाळीला घर केलं. श्रेय त्यांचं.

या सगळ्या काळात मताचा हक्क कोणाला होता, तेही बघायला हवं. पालिकेचे मतदार म्हणजे मुख्यतः करदाते. 1922 मध्ये दरमहा दहा रुपये भाडं देणाऱ्याला मत मिळालं. गिरणी कामगाराच्या खोलीचं भाडं याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे तो इथंही उंबऱ्याबाहेर. प्रौढ मतदानानं पालिकेची निवडणूक झाली ती 1948 मध्ये. तेव्हापासून एक गैरसमज आपल्यात मुरला आहे, की मत दिलं म्हणजे विचारणं झालं. पाच वर्षांतून एकदा नगरसेवक निवडला की गल्लीतल्या गटाराबद्दल आपलं म्हणणं नोंदलं गेलं, असं धरून चालतात.

आपल्या भाषेनं यात फरक केलेला आहे. पाहणी हा शब्द पाहण्यातून आला. पाहणारा उभा असतो, ज्याला पाहायचं तो गप्प असतो. मोजणीतही तेच, पैमाशीतही तेच. विचारपूस हा शब्द वेगळा. त्यात विचारणं आहे आणि पुसणंही आहे, दोन्हींचा अर्थ एकच, तरी भाषेनं दोनदा म्हटलं. एकदा विचारून माणूस खरं बोलत नाही, हे भाषा घडवणाऱ्या बायाबापड्यांना ठाऊक असणार.

2010 मध्ये जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. पाण्याचा रकाना होता: नळ, विहीर, हातपंप, घरात, आवारात की लांब. एका चाळीतल्या बाईंनी मी लिहितोय ते वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, पाणी आवारात असं लिवलंत. बरोबर हाय. पण रात्री अडीचला येतं ते कुठं लिवणार?’ रकाना नव्हता. मी पुढच्या दाराकडे गेलो, कारण यादी संपवायची होती.

पाण्यावरूनच आजच्या रोख्यांकडे येतो. 1998 मध्ये अहमदाबाद महापालिकेनं राज्य सरकारच्या हमीशिवाय शंभर कोटींचे रोखे काढले, पाठोपाठ नाशिकनंही 1999 मध्ये काढले. पुण्याचे आले जून 2017 मध्ये: दोनशे कोटी, व्याज 7.59 टक्के, मुदत दहा वर्षं, काम चोवीस तास पाणीपुरवठ्याचं. मागणी कितीतरी पट आली. रोखे काढण्याआधी पतमापन संस्था पालिकेची नाडी बघते: वसुली किती, थकबाकी किती, कोर्टात दावे किती. गुंतवणूकदाराच्या मनात येऊ शकेल त्या प्रत्येक शंकेचं उत्तर माहितीपत्रकात छापावं लागतं. कायदाच आहे तसा, आणि योग्य आहे.

त्याच पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची पद्धत सुरू झाली. अर्ज भरायचा, आपल्या प्रभागात काय हवं ते लिहायचं. देशात अशी सोय करणाऱ्या पहिल्या शहरांत पुणं आहे आणि त्याचं कौतुक व्हायला हवं. पण हे अर्ज कशासाठी? पदपथ, बाक, दिवे, बसथांब्याचा आडोसा अशा छोट्या कामांसाठी. मोठी कामं रोख्यांच्या कपाटात, छोटी अर्जांच्या. जलवाहिनीचा व्यास किती असावा हे मतानं ठरवू नये, हे मलाही कळतं. ते इंजिनिअरनंच ठरवावं. पण पाणी कोणत्या वेळी हवं, मीटर बसला तर किती बिल झेपेल, आधी कुठल्या वस्तीला द्यायचं, हे इंजिनिअरला कसं कळणार? बंगळूरला 1994 मध्ये ‘पब्लिक अफेअर्स सेंटर’च्या सॅम्युअल पॉल यांनी नागरिकांकडूनच महापालिका, वीज, पाणी अशा सेवांना गुण देववले आणि ते प्रगतिपुस्तक छापून टाकलं. खात्यांना ते झोंबलं. नंतर त्यांतल्या काहींनी आपल्या कामात बदलही केले. गुंतवणूकदारांसाठी पतमापन असतं, तसं हे रहिवाशांनी केलेलं पतमापन.

आणि बीडीडी चाळींचं काय झालं, तर शंभरी गाठता गाठता त्यांच्या पुनर्विकासाचा निर्णय झाला. काम म्हाडाकडे आलं. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर. रहिवाशांची पात्रता ठरवायला पाहणी करायची होती: कोण राहतं, कधीपासून, कागद काय, बोटांचे ठसे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवरच्या, अनेक रहिवाशांनी या पाहणीला सहकार्य करायला नकार दिला. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर विकासविरोधी म्हणून टीकाही झाली. त्यांची मागणी एवढीच होती, की आधी आमच्याशी करार करा, घर कुठं, केवढं, कधी, हे लिहून द्या, मग मोजा. बोलणी झाली, बैठका झाल्या, अटी बदलल्या, काम पुढे सरकलं. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.

तिथं राहणारे एक स्नेही मला नव्या इमारतीत घेऊन गेले होते. घर खरंच छान आहे, हवेशीर आहे. ते खिडकीपाशी उभे राहून खालचा रस्ता दाखवत होते. त्यांच्या आई मात्र दाराबाहेरच्या जागेत फिरत होत्या. लिफ्टपासून दारापर्यंत किती पावलं होतात ते मोजत होत्या. मग म्हणाल्या, ‘इथं दोन खुर्च्या ठेवल्या तर चालतील का रे, कोणाला विचारायचं?’